तासाला बावीस मिली

शनिवार, सकाळी साडेनऊ. रात्रपाळी करून आत्ताच आले.

सोलापूरचा मे महिना. दारात कुणीही आलं की आधी पाण्याचा तांब्या पुढं करतो आपण. आणि मी रात्रभर एका चार वर्षांच्या लेकराला पाणी नाही म्हणत बसले.

काल त्याच्या हृदयातलं छिद्र बंद केलं. संध्याकाळी श्वासाची नळी निघाली, घोगऱ्या आवाजात पहिला शब्द आला, "पानी." आई हात जोडून, "घोटभर द्या की ओ सिस्टर, ओठ बघा कसे झालेत."

काय सांगू तिला? ऑपरेशनपुरतं हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर राहिलेल्या लेकराच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपतात. दिलेलं पाणी रक्तात टिकत नाही, अंगात आणि फुप्फुसात साचतं. पापण्या सुजलेल्या, तरी तहान खरीच. म्हणून पहिल्या दिवशी निम्मंच. वजन १२ किलो, एरवी तासाला ४४ मिली लागतं, काल २२. त्यातच औषधांचे पंप, धमनीतल्या लाइनचा फ्लश (नळी तुंबू नये म्हणून सोडतात ते पाणी), इंजेक्शन पातळ करायचं सलाईन. तोंडाला उरले ५. मी नवीन असताना एका बाळाचे फ्लश मोजायचे राहिले होते, सहा तासांत ३० मिली जास्त गेलं. मोठ्या माणसाला ते काहीच नाही. त्या बाळाचा ऑक्सिजन वाढवावा लागला. आजही फ्लश करताना हात आधी चार्टकडं जातो.

दोनच्या सुमारास लॅसिक्सनं, म्हणजे लघवी वाढवायच्या औषधानं, लघवी भरपूर झाली. मला हायसं वाटलं, तोवर मॉनिटरवर मधेच वेडेवाकडे ठोके. रक्त तपासलं तर पोटॅशियम ३.१, कमी. लॅसिक्स पाण्यासोबत तेही काढून नेतं. डॉक्टरांनी लगेच भरून काढायला सांगितलं, पण पंपावर, सावकाश. घाईनं गेलं तर हेच पोटॅशियम हृदय थांबवतं. तो पंप चालू असेपर्यंत मी पलंगापासून हलले नाही. मधेमधे ओला गॉज ओठांवर फिरवायचा, तो चोखायला बघायचा. पावणेपाचला ३.९. ठोके सरळ.

सकाळच्या राउंडला पाणी वाढवलं. आईनं पिशवीतून घरची स्टीलची वाटी काढली, "हिच्यात किती बसतंय?" सिरिंजनं मोजून दाखवलं, ८० मिली. मग तिनंच माझ्याकडून मार्कर मागून घेतला आणि दहा मिलीवर आतून रेघ मारायला लावली.