केमिकल प्लांटमधला एसएस पंप बदलला, माझा अनुभव

तारापूर एमआयडीसीत इंटरमीडिएट (पुढच्या केमिकलसाठी लागणारा कच्चा माल) बनवणाऱ्या प्लांटमध्ये मी मेंटेनन्स बघतो. सेंट्रिफ्यूजमधून निघणारं मदर लिकर (क्रिस्टल वेगळे केल्यावर उरलेलं द्रावण) टाकीत ढकलायला आमच्याकडे एसएस ३१६ (स्टेनलेस स्टीलचा एक ग्रेड) चा सेंट्रीफ्यूगल पंप होता, आणि तो सारखा केसिंगमधून गळायचा. बाहेरून बघाल तर चकाचक, जाडी मोजली तरी जवळपास नव्यासारखी, पण व्होल्यूटच्या (केसिंगचा गोगलगायीसारखा भाग) खालच्या बाजूला सुईच्या टोकाएवढं भोक आणि त्याच्या भोवती पांढरं मीठ जमलेलं. केसिंग खोलून बघितलं तर आतली पिट (खड्डा) बाहेरच्या भोकापेक्षा कितीतरी मोठी, शिवाय गॅस्केटखाली आणि शाफ्टवरच्या स्लीव्हच्या खाली पण खड्डे.

आधी प्रत्येक वेळी टिग वेल्डिंग मारून भागवलं जायचं, आणि थोड्या दिवसांत वेल्डच्या बाजूलाच परत गळती सुरू. त्याचं कारण असं की ३१६ चं कास्टिंग म्हणजे सीएफ८एम, त्यात कार्बन ०.०८ टक्क्यापर्यंत चालतो, वेल्डच्या उष्णतेने शेजारच्या भागात क्रोमियम कार्बनला जाऊन चिकटतं आणि तिथलं संरक्षण कमी होतं. स्टेनलेस टिकतं ते क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे, आणि लिक्विडमधल्या मिठाचं क्लोराइड नेमकं त्या थरातल्या कमजोर जागी घुसतं, एकदा घुसलं की खड्ड्याच्या आत अ‍ॅसिडिक होत जातं आणि मग ते थांबत नाही.

म्हणून नवीन इंडेंट (खरेदीची मागणी) टाकायच्या आधी मी लॅबला सॅम्पल दिलं. जुन्या कागदावर नुसतं "अ‍ॅसिडिक लिक्विड, एसएस पंप" एवढंच होतं, त्यावरून कुठला मेकर काय देणार? सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेशन करून क्लोराइड ६ हजार पीपीएमच्या आसपास निघालं, पीएच ४, तापमान ५० पर्यंत, थोडं अ‍ॅसेटिक आणि टोल्युइन या सॉल्व्हंटचा अंश. सगळं डेटाशीटवर लिहिलं, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी पण, कारण मोटरची पॉवर त्यावर ठरते. आणि एक गोष्ट मुद्दाम लिहिली, रविवारी पंप भरलेलाच उभा राहतो. साचलेल्या लिक्विडमध्ये पिटिंग जास्त होतं, आणि डेटाशीट भरताना हे कोणी लिहीत नाही.

परचेसवाल्यांनी विचारलं की पॉलीप्रॉपिलीनचा (प्लास्टिकचा) पंप स्वस्त आहे, क्लोराइडचं त्याला काही नाही, मग तो का नको? प्रश्न बरोबरच होता. पण गरम लिक्विडमध्ये टोल्युइन असलं की पॉलीप्रॉपिलीन फुगतं, म्हणून तो बाद. शेवटी ड्युप्लेक्स (दोन प्रकारची रचना असलेलं स्टेनलेस) ठरलं, कास्टिंग ग्रेड सीडी४एमसीयू. त्यात क्रोमियम २५ टक्क्याच्या आसपास, शिवाय मॉलिब्डेनम आणि कॉपर. भाव ऐकून सगळे गप्प झाले, तेव्हा मी जुन्या पंपाचे सील, स्पेअर आणि थांबलेल्या बॅचेस एका कागदावर मांडून दाखवल्या, मग सही झाली.

सगळ्यात जास्त वेळ मेकॅनिकल सीलवर (शाफ्टभोवतीची गळती थांबवणारा भाग) गेला. अ‍ॅसेटिकमुळे व्हायटॉन रबर नको, टोल्युइनमुळे ईपीडीएम रबर नको, म्हणून पीटीएफईचं (टेफ्लॉन) वेज आणि दोन्ही फेस सिलिकॉन कार्बाइड. सीलला फ्लश द्यायच्या प्लॅन ११ मध्ये पंपातलंच खारट लिक्विड सीलवर जातं आणि फेसवर क्रिस्टल धरतात, त्यामुळे प्लॅन ३२ घेतला, बाहेरून डीएम (क्षार काढलेलं) पाणी, सील चेंबरपेक्षा जास्त प्रेशरने. थोडं पाणी लिकरमध्ये मिसळतं पण ते पुढे ट्रीटमेंटलाच जात असल्याने आम्हाला चाललं, प्रॉडक्ट असतं तर नसतं चाललं.

मेकरकडे इन्स्पेक्शनला मी स्वतः गेलो. कास्टिंगवरचा हीट नंबर (ओतकामाच्या बॅचचा नंबर) सर्टिफिकेटशी जुळवला, हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) बघितली, आणि पीएमआयची गन (धातूत काय काय आहे ते दाखवणारी) लिक्विड लागणाऱ्या प्रत्येक पार्टवर लावायला सांगितली. केसिंग, इंपेलर ओके, पण ड्रेन प्लगमध्ये मॉलिब्डेनम जवळपास शून्य, म्हणजे साधं एसएस ३०४! तो तिथेच बदलून घेतला. एवढा महाग पंप त्या एका बोटभर प्लगमुळे गळला असता.

पंप आला तर आमच्या स्टोअरवाल्या काकांनी चुंबक लावलं, ते चिकटलं, आणि काका म्हणाले, "साहेब, हे एसएस नाहीच, माल परत पाठवा." त्यांची काळजी मला आवडली. मग त्यांना सांगितलं की काका, ड्युप्लेक्समध्ये साधारण निम्मा भाग फेराइट असतो म्हणून ते चिकटणारच, आणि पीएमआय रिपोर्ट दाखवला तेव्हा जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) निघाला.

बसवताना फिटरला एवढंच सांगितलं की पंपाच्या जवळ एमएसचं (साध्या स्टीलचं) ग्राइंडिंग करू नका, लोखंडाचे कण बसले की तिथून गंज धरतो, आणि पाइप जोडून झाल्यावर डायल लावून पंप-मोटरची अलाइनमेंट परत बघा. बॅच संपली की पाणी मारून पंप ड्रेन करायचा हे आता ऑपरेटरच्या लॉगशीटवरच आहे.

शटडाऊनला खोलला तेव्हा गॅस्केट फेस साफ होता, स्लीव्हखाली पण खड्डा नाही. आता शेजारचा नायट्रिकचा पंप बदलायचाय, तिथे क्लोराइड नाही, त्यामुळे तिथे साधं ३०४एल (कमी कार्बनचं ३०४) मागवतोय, नायट्रिकमध्ये मॉलिब्डेनमचा काही फायदा होत नाही आणि मॉलिब्डेनमवाल्या ३१६ चे जादा पैसे उगाच जातात.