पणजीचा पिनकोड आणि सोळा वजाबाक्या

गोव्यातला कुठलाही पिनकोड घ्या, सुरुवात ४०३ नेच होणार. ४०३ म्हणजे १३ × ३१. त्यामुळे १३ किंवा ३१ ने भाग जातो का, हे नुसत्या शेवटच्या तीन अंकांवरून कळतं. म्हापशाचा ४०३५०७ बघा: ५०७ = १३ × ३९, म्हणून सगळा आकडा १३ × ३१०३९. फोंड्याच्या ४०३४०१ ची अंकबेरीज १२, तो तीनने जातो. वास्कोचा ४०३८०२ तर समच.

पणजीचा ४०३००१ मात्र दाद देत नाही. तो मूळ संख्या आहे का, हे शाळेतल्या रीतीने ठरवायचं तर वर्गमूळ ६३४.८, म्हणजे ६३१ पर्यंतच्या ११५ मूळ संख्यांनी भागून बघायचं. कागदावर एवढे भागाकार केले की कुठेतरी हात चुकतोच.

४ ने भागून बाकी १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच तऱ्हेने मांडता येते, असं फ्रेंच गणिती फेर्माने १६४० साली लिहून ठेवलं. स्विस गणिती ऑयलरने ते उलटं वापरलं: अशा आकड्याची मांडणी एकच सापडली आणि तिच्यातल्या दोन्ही संख्या सहमूळ (१ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या) असल्या, तर तो आकडा मूळ संख्याच.

समजा ४०३००१ = अ² + ब², अ विषम. ४०३००१ ला ८ ने भागून बाकी १, म्हणून ब ४ च्या पटीत. मग १६ ने बाकी ९, म्हणून अ ला ८ ने भागल्यावर ३ किंवा ५ उरायला हवेत. ३ ने बाकी २, म्हणजे अ आणि ब दोघंही तीनच्या पटीत नाहीत. २५ ने बाकी १, त्यामुळे एक संख्या ५ च्या पटीत आणि दुसरी २५ च्या पटीहून एकने कमी किंवा जास्त.

ब ५ च्या पटीत असेल तर अ साठी उरतात १०१, १४९, २५१, २९९, ३०१, ३४९, ४५१, ४९९. ब ४ आणि ५ दोन्हींच्या, म्हणजे २० च्या पटीत, म्हणून अ² वजा करून ४०० ने भागा: ९८२, ९५२, ८५०, ७८४, ७८१, ७०३, ४९९, ३८५. यात वर्ग एकच, ७८४ = २८². म्हणजे २९९² + ५६०² = ८९४०१ + ३१३६०० = ४०३००१.

अ ५ च्या पटीत असेल तर ब: ७६, १२४, १७६, २२४, ३७६, ४२४, ४७६, ५२४. इथे घाई नको. २२४ घेतल्यावर ३५२८२५ उरतात. कॅल्क्युलेटरवर एका दशांशापर्यंतच बघितलं तर वर्गमूळ ५९४.० दिसेल, पण ५९४² = ३५२८३६. ४७६ पण असाच फसवा: उरतात १७६४२५, आणि ४२०² = १७६४००. आठांपैकी एकही टिकत नाही.

२९९ = १३ × २३ आणि ५६० मध्ये फक्त २, ५, ७. सहमूळ आहेत, म्हणून ४०३००१ मूळ. ही शेवटची तपासणी गाळू नये: ४५ सुद्धा ३² + ६² असा एकाच तऱ्हेने मांडता येतो.

मडगावच्या ४०३६०१ लाही ४ ने बाकी १, पण तिथे जोडी एकही निघत नाही, म्हणजे तो संयुक्त. अर्थात तिथे एवढा खटाटोप कशाला? एकाआड एक अंकांच्या बेरजा ७ आणि ७, म्हणून ११ ने भाग जातो: ११ × ३६६९१.