घोडाबंदी 300 ला का?

ट्विच या लाइव्ह स्ट्रीमच्या साइटवर चॅनल पॉइंट, म्हणजे लोकांनी बघून कमवायचे आणि आपण ठेवलेल्या रिवॉर्डवर खर्चायचे पॉइंट, चालू केले की पहिला प्रश्न रिवॉर्डच्या किमतीचा येतो आणि तिथेच बरेच जण मोठ्या स्ट्रीमरचं मेन्यूकार्ड जसंच्या तसं उचलतात. दहा हजारला हे, पन्नास हजारला ते. अरे पण हिशोब तर करा. बघणारा नुसता बसून राहिला तर दर 5 मिनिटांनी 10 पॉइंट, आणि दर 15 मिनिटांनी बोनसची पेटी येते तिच्यावर टॅप केलं तर आणखी 50. म्हणजे तासाला 120 आणि 200, झाले 320. पैसे भरणारा सबस्क्रायबर असेल तर थोडे जास्त, पण आपल्याकडे सबस्क्रायबर असतात किती! मी आठवड्यातून तीनदा जेवणं आटोपली की दोन-दोन तास बसतो, म्हणजे एकही स्ट्रीम न चुकवणाऱ्या माणसाकडेही नुसत्या बघण्याचे आणि पेट्यांचे मिळून आठवड्याला दोन हजारसुद्धा जमत नाहीत. एवढ्यावर दहा हजारच्या रिवॉर्डसाठी त्याने सव्वा महिना थांबायचं? कोण थांबतंय.

म्हणून मी किंमत तासात मोजतो. आणि अजून एक, फॉलो केल्या केल्या 300 पॉइंट मिळतात, ते एकदाच. मग आत्ताच आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी काहीतरी घेता यायला हवं की नको? माझा घोडाबंदी नावाचा रिवॉर्ड 300 ला आहे तो यासाठी.

मी मराठीत बुद्धिबळ खेळतो, पाच-पाच मिनिटांचे डाव. घोडाबंदी म्हणजे पुढच्या 10 चाली मी घोड्याला हात लावायचा नाही. ऐकायला साधं वाटतं, पण परवा समोरच्याचा वजीर फुकट पडला होता, माझा घोडा बरोब्बर एका उडीवर, आणि बंदीच्या अजून चार चाली बाकी. चॅटमध्ये आधी "खा ना", मग "खाऊ शकत नाही बंदी आहे", मग नुसतं हाहाहा, आणि एक जण जो कित्येक दिवस नुसता बघत होता, कधी एक अक्षर टाईप केलं नाही, त्याने विचारलं "बंदी लावली कोणी रे". लावणारा लगेच "मी" म्हणून हजर. त्यानंतर दोघं माझ्याकडे बघेनात, एकमेकांशीच गप्पा. मला रिवॉर्डकडून एवढंच पाहिजे असतं. एकाने घ्यावा आणि बाकीच्यांना त्यावर बोलावंसं वाटावं. "पाणी पी", "नमस्कार कर" हे मी काढून टाकले, कारण ते घेतले की मी पाणी पितो आणि विषय संपतो.

बुद्धिबळात एक भानगड मात्र आहे. चॅटने चाल सुचवायची आणि मी ती खेळायची असा रिवॉर्ड ठेवता येत नाही, डाव चालू असताना बाहेरची मदत घेणं बुद्धिबळाच्या कुठल्याही साइटवर, लिचेसवर काय आणि चेसडॉटकॉमवर काय, नियमात बसत नाही. म्हणून माझे सगळे रिवॉर्ड मला अडवणारे आहेत, मदत करणारा एकही नाही. आणि ते फक्त बिनरेटिंगच्या डावात, कारण रेटेड डावात मुद्दाम स्वतःचे हातपाय बांधून हरायचं म्हणजे समोरच्याला फुकटचे गुण, तेही बरोबर नाही.

'उलटा पट' हा दुसरा. हा काही जण ओबीएस या स्ट्रीम पाठवायच्या सॉफ्टवेअरमधून करतात, चित्र 180 अंशात फिरवून, पण त्याने त्रास होतो बघणाऱ्याला! माझ्या स्क्रीनवर पट सरळच असतो. मला छळायचं असेल तर पट साइटवरच फिरवायला हवा, लिचेसवर एफ दाबलं की फिरतो. मग काळ्याच्या बाजूने बघत पांढरी खेळायची, उंट कुठून कुठे जातोय कळत नाही.

आणि डिले विसरू नका. मी बोलतो ते लोकांपर्यंत काही सेकंद उशिरा पोचतं, लो लेटन्सी, म्हणजे उशीर कमी करायचं सेटिंग, लावली तरी. "आत्ताच्या आत्ता कर" टाईप रिवॉर्ड त्यामुळे फसतात, घेणाऱ्याने बटण दाबलं तेव्हा तो जे बघत होता ते माझ्याकडे होऊन गेलेलं असतं. जे करायचं ते दहा चाली तरी टिकेल असं ठेवायचं.

आवाजात मेसेज वाचून दाखवणारा रिवॉर्ड लावलाय, पण काय सांगू. लोक मराठी टाईप करतात रोमन अक्षरांत, आणि इंग्रजी आवाज "काय चाललंय" चं "के चल्ले" करतो. देवनागरीत लिहिलं आणि हिंदी आवाज लावला तर चमच्यातला च आणि चहातला च एकच. ठेवलाय तरी तसाच, लोक मुद्दाम अवघड वाक्यं शोधून आणतात.

पाटी 600 ला. तुम्ही मजकूर पाठवायचा, मी काळ्या फळीवर पांढऱ्या अक्षरात तो स्क्रीनवर चढवतो. पुण्यात आहोत म्हटल्यावर हे सुचणारच, आणि टोमणे एकापेक्षा एक येतात: "हत्ती फुकट देण्यात येईल. चौकशी करू नये." पण इथे रिक्वेस्ट क्यू, म्हणजे आलेला मजकूर आधी मंजुरीसाठी थांबतो ती रांग, वगळायचा पर्याय अजिबात लावू नका, नाहीतर एखादा दिवटा शिवी सरळ पडद्यावर आणतो. चिंचवडला मावसभाऊ आहे, तो मॉडरेटर. घाण मजकूर आला की तो नाकारतो, पॉइंट त्या माणसाला परत जातात, भांडण नाही. मध्यंतरी माझ्या खेळावरचीच एक पाटी आली तर पठ्ठ्या म्हणतो "दादा, ही मी पास करणार, खरी आहे".

ढोलाचा आवाज वाजवायचा रिवॉर्ड पण आहे, 100 ला. गणपतीच्या आधी तो बंद करतो, आम्ही डेक्कनला, खाली नदीपात्रात पथकांचा सराव चालू असतो, माइक सगळं फुकटात उचलतो. एरवी त्याला कूलडाउन, म्हणजे एकदा वाजला की थोडा वेळ पुन्हा घेता येणार नाही असं, लावायलाच लागतं, आणि एका माणसाला एका स्ट्रीममध्ये दोनदाच, नाहीतर डावभर ढोलच.

यूट्यूबवर हे का नाही करत असं विचारतात. आपले मराठी बघणारे तिथेच जास्त, मान्य. पण तिथे बघण्याचे पॉइंट नाहीत, बॉट लावून चॅटमधल्या कमांडवर चालवावं लागतं, नाहीतर सुपर चॅट, म्हणजे पैसे. पैसे देऊन माझा घोडा अडवायचा हे मला नको वाटतं. कॉलेजातली पोरं असतात, त्यांनी वेळ दिला तेवढं बास.

सध्या उलटा पट 500 ला आहे आणि कोणी घेईना, तासाच्या हिशोबाने दीड तासाच्या वर जातो ना. या आठवड्यात 400 करतोय, आणि 'वजीर घरी' नावाचा नवीन आणतोय, पहिल्या 15 चाली वजीर हलवायचा नाही. त्याची किंमत काय ठेवू ते अजून ठरत नाहीये, 350 म्हणजे घोडाबंदी कोणी घेणार नाही बहुतेक.