आधी बटण, मग वाटाणे

ऑटिझम असलेल्या मुलांचे आईबाबा भेटले की एक प्रश्न हमखास येतो : सेन्सरी प्लेसाठी, म्हणजे स्पर्श, हालचाल अशा संवेदनांच्या खेळांसाठी, काय काय आणायचं? कुणी फोनवर रंगीत वाळूचे डबे दाखवतं, कुणी पाण्यात फुगणारे मणी. (ते मणी घरात आणूच नका. गिळले गेले तर पोटात फुगतात आणि आतडं अडू शकतं.) मी त्यांना उलट विचारते, सध्या मुलाला शिकवायचं काय आहे? शर्टाचं बटण? तांब्यातून पाणी ओतून घेणं? स्वतःची पाळी येईपर्यंत थांबणं? ते एकदा ठरलं की सामान आपसूक सुचतं. तांदळात हात घालून बसलं की मूल रमतं, शांत होतं, आणि तेवढ्यासाठीही खेळावं. पण नुसत्या तांदळानं बटण लावता येत नाही.

आमचा ओम आठ वर्षांचा आहे. घर येळ्ळूरला, थेरपीला बेळगावात जातो. त्याला हाताला ओलं, चिकट काही लागलेलं सोसत नाही, आणि दोन बोटांच्या चिमटीत जोर नव्हता. म्हणून आम्ही माती घेतली, खानापूरच्या कुंभाराकडची, चांगली मळलेली. सुरुवातीला ती जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिली, वरून दाबायला. मग पिशवीबाहेर, पण चमच्यानं. मग एका बोटानं. शेजारी कोरडं फडकं कायम ठेवलेलं. हात पुसावासा वाटला की पुसायचा, कुणी अडवायचं नाही. त्याचा हात धरून मातीत घालायचा नाही, हा आमच्या घरातला नियम आहे आणि पाहुण्यांनाही तो लागू आहे.

बोटं मातीला सरावल्यावर खरा खेळ सुरू झाला. मातीची जाडसर भाकरी थापायची. तीत सुके वाटाणे अंगठा आणि तर्जनीत धरून एकेक रुतवायचे, मग तेच उपटून काढायचे. रुतवणं सोपं असतं. उपटताना नख, बोटाचं टोक, मनगट सगळं कामाला लागतं, म्हणून तिथं मी घाई करू देत नाही. पुढं वाटाण्यांच्या जागी मोठी बटणं आली. चपलांच्या खोक्याच्या झाकणाला चीर पाडली, तिच्यातून बटण आत ढकलायचं. मग जुन्या चादरीच्या तुकड्याला काजं केली. मग सासऱ्यांचा जुना कोट मांडीवर पसरून. शेवटी अंगातला शाळेचा शर्ट, तोही सगळ्यात खालच्या बटणापासून, कारण ते त्याला दिसतं. वरची मी लावायची, शेवटचं त्यानं लावायचं, म्हणजे काम त्याच्या हातानं पुरं होतं. आता गळ्याचं सोडून सगळी बटणं तो लावतो.

धान्याच्या खेळाला मात्र सासूबाईंचा विरोध होता. "अन्नासंगं खेळतात काय गं?" त्यांचं म्हणणं मला पटलं. तोडगा त्यांनीच काढला : कोंबड्यांसाठी ठेवलेली तांदळाची कणी घ्यायची, आणि खेळ झाला की ओमनं स्वतः नेऊन कोंबड्यांना घालायची. ओतायला त्यांनी माळ्यावरचं चिपटं आणि मापटं, धान्य मोजायची जुनी मापं, काढून दिलं. दोन चिपटी ओतली की मापटं भरतं. भरलं की थांबायचं. आज्जीचं चिपटं, मग ओमचं चिपटं. ओतणं, थांबणं, पाळी, सगळं त्यात आलं. कणी सांडली तर झाडून घेता येते, त्यामुळं पाण्याआधी कणी. हात स्थिर झाल्यावर तेच पाण्यानं केलं, आणि आता जेवताना तांब्यातून तो आपलं पाणी आपण घेतो. जी मुलं सगळं तोंडात घालतात त्यांना कणी, वाटाणे देऊ नका. शिजवलेला साबुदाणा द्या. आणि मोठं माणूस कायम जवळ हवं.

थेरपीच्या ताई कन्नड बोलतात. त्या "हाकु", "कोडु" म्हणतात, आम्ही घरी "घाल", "दे" म्हणतो. दोन भाषांनी मूल गोंधळेल, एकच ठेवा, असं आम्हाला पुष्कळांनी सुचवलं. दोन भाषांमुळं ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं मागं पडतं असं संशोधनात दिसलेलं नाही. सीमाभागातल्या आईबाबांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

स्पर्श, तोल आणि स्नायू-सांध्यांकडून येणारी जाणीव मेंदू कशी जुळवतो, हा विचार अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून सराव देणाऱ्या तज्ज्ञ) ए. जीन एअर्स यांनी मांडला. त्यांचं पुस्तक १९७२ सालचं. संवेदना फार तीव्र किंवा फार कमी जाणवणं हे ऑटिझमच्या निदानाच्या अमेरिकन निकषांत २०१३ मध्ये आलं. पण २०१२ मध्ये तिथल्याच बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं स्पष्ट सांगितलंय की या विचारावर आधारलेल्या थेरपीवरचं संशोधन मर्यादित आहे. बाकी उपचारांच्या जोडीला ती चालेल, पण आधी उद्दिष्ट आणि मुदत ठरवून फरक पडतोय का ते बघा. म्हणून मी ताईंना दर वेळी विचारते, हा खेळ कशासाठी? त्यांना राग येत नाही, उलट त्या वहीत लिहून देतात. जिथं या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही तिथं पैसे भरू नका, कितीही झोके आणि चेंडू टांगलेले असोत.

सध्या आमचं काम केस कापण्यावर चाललंय. मशिनची थरथर त्याला सोसत नाही. बंद मशिन तो हातात धरतो, चालू असलेलं तळहातावर टेकवतो, खांद्यापर्यंत आलाय. आधी अंगणात रताळ्यांची जड पिशवी दोन्ही हातांनी उचलून इकडून तिकडं न्यायची, मगच मशिन. अंगाला भार मिळाला की तो जास्त वेळ टिकतो. गावातल्या केशकर्तनालयाच्या काकांशी बोलून ठेवलंय. दुपारी दुकान रिकामं असतं तेव्हा या म्हणालेत, आणि पहिल्या खेपेला नुसतं खुर्चीवर बसून परत गेलात तरी चालेल म्हणालेत.