मूठभर धने

कपाटातला कागदांचा गठ्ठा आवरायला काढला की दुपार गेलीच म्हणून समजावं. परवा त्यातून डॉक्टरांची एक जुनी चिठ्ठी निघाली. पिवळी पडलेली, घडीवर फाटत आलेली. एका बाजूला माझं नाव, वय वर्षे 9, खाली पायावर फुली मारलेला तो इंग्रजी 'आर' आणि पुढे डॉक्टरी किरटं. उलट बाजूला आईचं अक्षर. तांदूळ 4 वाट्या, हरभरा डाळ 2, उडीद डाळ 1, धने मूठभर. चकलीची भाजणी!

म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजूंना रेसिपीच. कारण रेसिपी हा मुळात लॅटिन शब्द, आणि तोही आज्ञार्थी: 'घे'. युरोपातले वैद्य औषधाची चिठ्ठी याच शब्दाने सुरू करायचे. अमुक घे, तमुक घे, कूट, मिसळ. हे 'घे' औषध बनवणाऱ्याला उद्देशून, रोग्याची पाळी नंतर. त्याचंच आखडून फुलीवाला 'आर' झाला. हल्ली कुणी थालीपिठाचा फोटो टाकला की खाली लोक नुसतं 'रेसिपी?' असं विचारतात, तेव्हा मला 'घे?' असंच ऐकू येतं. घे की, कोण नको म्हणतंय!

स्वयंपाकघरात हा शब्द बराच उशिरा शिरला. इंग्रज बायका आधी कृतीला 'रिसीट' म्हणायच्या. तोही त्याच लॅटिन धातूचा. आपली पावतीसुद्धा 'पावणे'वरूनच आलेली, तेव्हा हसायला नको. हॅना ग्लास नावाच्या बाईंनी 1747 साली लंडनमध्ये पाकक्रियेचं पुस्तक छापलं. त्यात भारतीय पद्धतीची 'करी' आहे. दोन कोंबड्या नाहीतर ससे घ्या (पुन्हा 'घ्या'च), मिरे मोजून 30, आणि धने स्वच्छ फावड्यावर विस्तवावर भाजा. फावड्यावर! माझ्या आजीने हे वाचलं असतं तर पुस्तक आधी चुलीत गेलं असतं. पण मला गंमत वाटते ती वेगळीच. मिरे मोजून 30, आणि धने किती? 'थोडे'.

आजीही असंच सांगायची. "घाल अंदाजाने, हाताला कळतं." कुणाच्या हाताला, ते ती सांगत नसे. डॉक्टरांनी 'गोळ्या चवीपुरत्या' असं लिहिलं तर चालेल का, असं मी तिला एकदा विचारलं होतं. उत्तरादाखल धपाटा मिळाला. तोही अंदाजानेच.

तर ती चिठ्ठी. दिवाळी आठ दिवसांवर होती आणि मला ताप. दवाखान्यातलं ते लाकडी बाकडं, फिनेलचा वास, घरून नेलेली काचेची बाटली आईच्या पिशवीत. कंपाउंडर तीत लाल औषध भरायचा आणि डोस कळावेत म्हणून कडेला नक्षीसारखी कापलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. तो इतका मन लावून कापायचा की मला मोठेपणी तेच व्हायचं होतं. डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी दिली आणि आईला बजावलं, "तेलकट अगदी बंद."

बाटली भरून मिळेपर्यंत आम्ही पुन्हा बाकड्यावर. शेजारी एक अनोळखी बाई बसल्या होत्या. तापात मला त्यांचे शब्द लांबून आल्यासारखे ऐकू येत होते. चकली तेलात विरघळते, नाहीतर दगड होते, असं काहीतरी. आईने माझ्या कंपासपेटीतली पेन्सिल काढली आणि माझी चिठ्ठी उलटी केली.

"मूठभर म्हणजे किती हो?"

बाईंनी हात वर केला, बांगड्या मागे सारल्या आणि मूठ मिटून दाखवली. आईने ती नीट बघून घेतली, मान डोलावली आणि लिहिलं: मूठभर.