पगारपत्रकातला पीटीचा रकाना

गुरुवार, १५ जानेवारी २०२६
रात्री साडेदहा

आज किंक्रांत. "करिदिनाला कसलं गं मतदान ठेवलंय?" असं आई सकाळी म्हणाल्या आणि पाठोपाठ स्वतःच पातळ बदलून दाराशी येऊन बसल्या. सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, पण मतदान एकदाही चुकवलेलं नाही. लेकीचं मात्र महापालिकेचं हे पहिलंच मतदान, तेही तेविसाव्या वर्षी. मागची निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ ला झाली, तेव्हा ती आठवीत होती.

जवळजवळ नऊ वर्षं. नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेव्हापासून प्रशासकाचा कारभार. त्यातच २९ मार्च २०२३ ला खासदार गिरीश बापट गेले. पोटनिवडणूक घ्या, असं मुंबई उच्च न्यायालयाने त्या डिसेंबरात निवडणूक आयोगाला सांगितलं. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि ती निवडणूक शेवटपर्यंत झालीच नाही. म्हणजे वर्षाहून जास्त काळ पुण्याला नगरसेवक नव्हते आणि खासदारही नव्हता. एवढ्या मोठ्या शहराच्या वतीने सभागृहात उभं राहून प्रश्न विचारायला निवडून दिलेलं माणूस नाही, याची मला जितकी चीड आली तितकी आजूबाजूला दिसली नाही. ऑफिसात विषय काढला तर लोक म्हणायचे, "असते तरी काय मोठं करणार होते?" हे वाक्य फार लागलं मला. लोकांनी कधी आशा सोडली ते कळलंच नाही.

कर्वेनगरातल्या शाळेत आमचं केंद्र. साडेनऊला गेलो, आईंना खुर्ची मिळाली. बोटावर मार्करने रेघ ओढली. चार जणांचा प्रभाग, त्यामुळे चार मतं द्यायची. चारही दिल्याशिवाय मतदान पुरं होत नाही. पहिली दोन बटणं मी घरूनच ठरवून गेले होते. तिसऱ्याला थोडा विचार केला. चौथ्याला थांबले. यादीतल्या एका माणसाला मी २०१७ मध्ये मत दिलं होतं. तेव्हा चिन्ह वेगळं होतं, आज वेगळं. मधल्या काळात त्याने आम्हाला कुणाला विचारलं नव्हतं. बाकीच्यांतही विश्वास ठेवावा असं कुणी दिसेना. मागे रांग खोळंबली होती, कर्मचारी म्हणाल्या, "मॅडम, एक राहिलंय." मी 'वरीलपैकी कोणीही नाही' दाबलं. बाहेर आल्यावर घसा दाटून आला होता. आजवर इतकी मतदानं केली, पण नोटा दाबायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

मी कुठल्याच पक्षाची नाही, कधीच नव्हते. बाबा समाजवादी एसेम जोशींना मानणारे, मामा संघाच्या शाखेत जाणारा, आणि दोघांच्या वादात माझं लहानपण गेलं. त्यातून एक गोष्ट मी उचलली, की पक्ष बघून मत द्यायचं नाही, काम बघून द्यायचं. गेल्या तीसेक वर्षांत वेगवेगळ्या पक्षांना दिलंय. ज्याला दिलं त्याने काम केलं नाही तर पुढच्या वेळी काढून घेतलंय. काठावरचा मतदार म्हणजे तराजूतला शेवटचा दाणा, असं मी समजत होते. आपल्यामुळे पारडं हलतं, म्हणून दोन्ही बाजूंना आपली थोडी भीती असते, असं वाटायचं.

ती समजूत २०१९ नंतर मोडली. २३ नोव्हेंबरला पहाटे एक सरकार, काही दिवसांत ते गेलं आणि २८ तारखेला दुसरं. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २ जुलै २०२३ ला राष्ट्रवादी. लोकांनी एकदाच मतं दिली आणि त्याच मतांवर एका विधानसभेत तीन मुख्यमंत्री झाले. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक केला, एक तृतीयांश फुटीची पळवाट बुजवली. तरी हे झालं. आणि आज पुण्यात काय? राज्याच्या मंत्रिमंडळात मांडीला मांडी लावून बसणारे भाजप आणि अजितदादांचा पक्ष इथे समोरासमोर. चिन्हासाठी कोर्टापर्यंत गेलेल्या दोन्ही राष्ट्रवादी इथे एकत्र. मी काम न करणाऱ्याचं मत काढून घेऊन समोरच्याला देते. पण निवडून आल्यावर समोरचाच उठून त्याच्या शेजारी जाऊन बसणार असेल, तर मी मत काढून कुणाकडून घेतलं आणि दिलं कुणाला?

हे सगळं एक वेळ सोसलं असतं. पैशाच्या बाबतीत तरी कुणीतरी वेगळं बोलेल, अशी आशा होती. मी शिवण्यातल्या एका छोट्या कारखान्यात हिशेब बघते. सदतीस माणसांचे पगार माझ्या हातून निघतात. त्यामुळे कुणी काही द्यायचं म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुठल्या खात्यातून?

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींना लाडक्या बहिणीचे दीड हजार मिळतात. त्या पैशांना नावं ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. केवायसी मीच करून दिली, त्यासाठी त्यांच्या नवऱ्याचं आधार लागलं. तो सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेलाय, आणि त्याचं कार्ड त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत, देव्हाऱ्याच्या खणात जपून ठेवलेलं होतं. दीड हजारात त्यांच्या मुलाच्या क्लासची फी जाते. पहिल्यांदा हप्ता जमा झाला तेव्हा त्या बँकेतून थेट आमच्याकडे आल्या होत्या, मला पासबुक दाखवायला. "ताई, हे माझ्या एकटीच्या नावावर हाय." तो चेहरा मी विसरणार नाही. बाईच्या हातात तिच्या नावाचा पैसा येणं ही साधी गोष्ट नाही. कुणी फुकटे म्हणालं तर मी भांडते.

पण म्हणूनच त्या पैशाचा हिशेब चोख असायला हवा ना? जून २०२४ मध्ये घोषणा झाली, निवडणूक नोव्हेंबरात. विरोधक आधी म्हणाले, तिजोरी रिकामी होईल. मग त्यांनीच जाहीरनाम्यात महिना तीन हजार लिहिले. सत्तेतल्यांनी एकवीसशे सांगितले. त्याला सव्वा वर्ष झालं, मावशींच्या पासबुकात अजून दीड हजारच पडतात. सुरुवातीला वर्षाला ४६ हजार कोटींची गोष्ट होती, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटी ठेवले. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते त्या रात्री. छत्तीस हजार कोटी भागिले बारा, महिन्याला तीन हजार कोटी. भागिले दीड हजार, म्हणजे दोन कोटी बायका. लाभार्थी त्याहून जास्त होत्या. म्हणजे तरतूद करतानाच ठरलेलं होतं, की एक तर नावं गाळायची, नाही तर दुसरीकडून पैसे ओढायचे. पुढे समाजकल्याण आणि आदिवासी खात्यांचा निधी इकडे वळवल्यावरून मंत्र्यानेच जाहीर नाराजी दाखवली. म्हणजे आश्रमशाळेतल्या पोरीच्या वाट्याचं मावशींना द्यायचं. एका गरिबाच्या ताटातलं काढून दुसऱ्याच्या ताटात वाढायचं आणि मधल्याने उदार म्हणवून घ्यायचं. राज्यावरचं कर्ज याच मार्चअखेर ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल, असा अंदाज त्याच अर्थसंकल्पात आहे. प्रचारात हा आकडा एकाही पक्षाने माझ्यासमोर धरला नाही.

पालिकेतही तेच. गेल्या जूनमध्ये पीएमपी बसचं पहिल्या टप्प्याचं तिकीट पाचाचं दहा झालं. ठरवणाऱ्यांत पालिकेचा एकही नगरसेवक नव्हता, कारण नगरसेवकच नव्हते. सात महिन्यांनी प्रचारात एका बाजूने बस आणि मेट्रो मोफत म्हणून सांगितलं. मला मोफत नको, हो. मला बस हवी. स्टॉपवर दहा-पंधरा मिनिटांत येणारी, आईंना चढता येईल अशी खालच्या पायरीची. त्यासाठी दहाचे बारा द्यायला मी तयार आहे, पण ते बारा कुठे जातात हे कुणीतरी उभं राहून सांगावं.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते.

पगारपत्रकात पीटीचा एक रकाना असतो, व्यवसाय कराचा. दर महिन्याला दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. दर फेब्रुवारीत कुणीतरी नवीन मुलगा टेबलाशी येतोच, "मॅडम, या महिन्यात शंभर जास्त का कापले?" मीही नोकरीला लागले तेव्हा असंच विचारलं होतं. आमचे जुने हिशेबनीस मान वर न करता म्हणाले होते, "रोजगार हमीचे आहेत ते. दुष्काळात खडी फोडणाऱ्यांचे."

घरी येऊन मी आईंना हे सांगितलं, तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला त्यांचा. बाहत्तरच्या दुष्काळात इंदापूरकडे त्या खडी फोडायला होत्या, हे तेव्हा पोटात. उन्हात दिवसभर बसायचं, तळहाताला चिंध्या गुंडाळायच्या, दुपारी सुकडी मिळायची. अजून त्यांच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख वाकडं आहे, हातोडी बसलेली. त्या म्हणाल्या, "पैसे कोण देतं ते आम्हाला कुठं ठाऊक होतं. वाटायचं, सरकार देतं."

मग मी मिळेल ते वाचत गेले. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम द्यायची ही कल्पना त्यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापुरात आधी करून पाहिली. दुष्काळात ती राज्यभर आली. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने, व्यापाऱ्याने, डॉक्टर-वकिलाने द्यायचं, आणि जेवढा कर गोळा होईल तेवढीच भर सरकारने घालायची. रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने १९७७ मध्ये एकमताने केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. एकमताने! त्या सभागृहात काँग्रेसवाले होते, समाजवादी होते, शेकापवाले होते, जनसंघातून आलेले होते. बाहेर एकमेकांवर तुटून पडणारी ही माणसं. पण कुणाला काय द्यायचं, त्याचा पैसा कुणी भरायचा आणि कुठल्या नावाने कापायचा, हे त्यांनी कायद्यात लिहून ठेवलं. शहरी मतदार नाराज होईल म्हणून लपवलं नाही. पुढे त्यात खोटे हजेरीपट निघाले, मजुरी रखडली, ते सगळं मला माहीत आहे. तरी काम मागणाऱ्याला तो हक्क होता, आणि तो कुठल्या निवडणुकीच्या तारखेवर टांगलेला नव्हता.

कापलेल्या पैशाचं नाव मला माहीत होतं, म्हणून ते दोनशे मला कधी जड वाटले नाहीत. दर महिन्याला तो रकाना भरताना आईंचं नख डोळ्यांपुढे येतं. असं राजकारण याच मातीत झालंय, फार जुनी गोष्ट नाही, आमच्या घरात तिची साक्षीदार बसलेली आहे. म्हणून आजचं बघून मला नुसता वैताग येत नाही, दुःख होतं.

संध्याकाळी मावशींचा फोन आला. "ताई, झालं का मतदान?" म्हटलं झालं. थोडा वेळ गप्प. मग हळूच, "हे पडले तर हप्ता बंद होतो का?" मी सांगितलं, ही निवडणूक महापालिकेची आहे, रस्ते-पाणी-कचऱ्याची, तुमच्या हप्त्याचा हिच्याशी काही संबंध नाही. "पण आमच्या गल्लीत पोरं सांगून गेली तसं." मी परत समजावलं. "बरं," म्हणाल्या, पण पटल्यासारखं वाटलं नाही. पासबुक हातात धरून हसणारी ती बाई दीड वर्षात त्याच पासबुकापायी घाबरायला लागली.

लेक मघाशी विचारत होती, तू कुणाला दिलंस. तीन सांगितली, चौथं सांगितलं नाही. तिने चारही नावांना मत दिलंय आणि चौघांचे नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवलेत. निवडून आले की महिन्याभरात भेटायला जाणार म्हणते, प्रभागात किती पैसा आला ते विचारायला. मी म्हटलं, मीही येते.

उद्या मतमोजणी. मावशींना सकाळी आठलाच बोलावलंय, पासबुक घेऊन. डिसेंबरचा हप्ता जमा झालाय का, ते बघून द्यायचंय.