कोरियन कंपनीत बाप असून सहा महिने रजा घेतली, माझा अनुभव

दक्षिण कोरियातल्या उल्सानला येऊन बरीच वर्षं झाली. इथल्याच युनिस्टमधून मास्टर्स केलं आणि मग गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत चिकटलो, तीनेकशे माणसांची कंपनी आहे, नाव सांगत नाही कारण अजून तिथेच आहे. तळेगाव-रांजणगावकडचे मित्र कायम विचारतात की कोरियन लोक सुट्टी देतात का रे, म्हणून हे सविस्तर लिहितोय. फक्त खाली जे नियम सांगितलेत ते कोरियातले, भारतातल्या कोरियन कंपनीला ते लागू नाहीत, त्यामुळे तिकडे एचआरशी जाऊन भांडू नका.

तर आमची मुलगी २०२४ च्या शेवटी झाली. बायको युनिवर्सिटीत रिसर्चला, तिला लॅबमध्ये परत जायचं होतं. माझी आई आली होती पण तिचा व्हिसा ९० दिवसांचा, त्यात डिंकाचे लाडू करून झाले, हॉस्पिटलच्या मियॉकगुकला म्हणजे त्या समुद्री शेवाळाच्या सूपला नावं ठेवून झाली, आणि गेली परत. मग बाळाकडे कोण बघणार? मीच.

बाळ सांभाळायच्या या रजेला इथे युगा-ह्यूजिक म्हणतात. कागदावर बघाल तर नियम एकदम भारी, आई आणि बाप दोघांनाही प्रत्येकी एक वर्ष, मूल ८ वर्षांचं किंवा दुसरीत असेपर्यंत कधीही घ्या, ३० दिवस आधी अर्ज करायचा, आणि अट पूर्ण असताना कंपनीने नाही म्हटलं तर ५० लाख वॉनपर्यंत दंड. पैसे कंपनी देत नाही, सरकारच्या रोजगार विम्यातून येतात. सरकार एवढं उदार का, तर २०२३ ला इथला जन्मदर एका बाईमागे सरासरी ०.७२ मुलांवर आला होता, म्हणजे देशच रिकामा व्हायची वेळ आलीय. लोट्टे ग्रुपने तर २०१७ पासून पुरुषांना निदान एक महिना रजा सक्तीची केलीय. आमच्याकडे सक्ती वगैरे नव्हती, आणि माझ्या आधी आमच्या डिपार्टमेंटमधल्या एकाही पुरुषाने ती घेतली नव्हती.

एचआरमधली मुलगी हुशार, तिला सगळी कलमं पाठ. म्हणाली कायद्याने काहीच अडचण नाही, फक्त अर्ज सिस्टिममध्ये टाकायच्या आधी टीममध्ये बोलून घ्या. खरी प्रोसेस या "बोलून घ्या" मध्येच आहे.

कागदावर आमच्या कंपनीत आता सगळे सारखे. सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सने २०१७ ला सात हुद्द्यांचे चार केले आणि एकमेकांना नुसतं नावापुढे "निम" म्हणजे आपलं "जी" लावून हाक मारा म्हणून सांगितलं, ते बघून आमच्याकडेही तसंच सर्क्युलर निघालं. निघालं आणि बोर्डावर लागलं. पण बूजांगना, म्हणजे डिपार्टमेंटच्या मोठ्या साहेबांना, त्यांच्या नावाने हाक मारायची कोणाची टाप आहे? मीटिंगमध्ये अजून खालून वर सावॉन, देरी, ग्वाजांग, छाजांग, बूजांग हीच उतरंड, बसायच्या खुर्च्यासुद्धा त्याच हिशोबाने. मी ग्वाजांग, म्हणजे खालून वर मोजलं तर मधल्या पायरीवर.

म्हणून आधी छाजांगना सांगितलं, ते चेहरा वाकडा न करता "बूजांगना कळवलं का" एवढंच म्हणाले. मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत बूजांगबरोबर गुकबाप म्हणजे सूप-भात खायला गेलो. पूर्वी असलं काही बोलायचं तर होएशिकची म्हणजे ऑफिसच्या जेवणा-दारूच्या पार्टीची वाट बघायची, सोजू ओतायची दोन्ही हातांनी, मोठ्यांसमोर प्यायची तर मान बाजूला वळवून, आणि दुसऱ्या राउंडला कुठेतरी विषय काढायचा. आठवड्याला कमाल ५२ तास कामाचा कायदा २०१८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला, मग कोविड आला, तेव्हापासून आमच्याकडे होएशिक बरंचसं दुपारच्या जेवणावर आलंय आणि रात्री असलं तरी नऊला संपतं. माझ्यासारख्याला बरंच आहे ते, दारूशिवाय बोलता येतं. पण दारूशिवाय समोरचा लगेच विरघळतही नाही हेही खरं.

बूजांग उल्सानचेच, आणि ग्यॉन्गसांगकडचे, म्हणजे या भागातले, पुरुष आधीच तुटक बोलणारे.

"किती?"

"सहा महिने."

"एक महिना घेतला तर?"

मी सांगितलं की बायकोचा प्रोजेक्ट आहे, घरात दुसरं कोणी नाही. बराच वेळ मुळ्याची किमची खात बसले. मग म्हणाले २००२ ला बीजिंगचा प्लांट सुरू होत होता तेव्हा मी तिकडे लाइन लावत होतो, माझा मोठा मुलगा झाला ते मला फोनवर कळलं. अभिमानाने सांगत होते की खंत होती मला अजून कळलेलं नाही, बहुतेक दोन्ही.

या पिढीला "क्कोन्दे", म्हणजे जुनाट विचारांचे उपदेश करणारे, म्हणून हसणं सोपं आहे, ऑफिसातली तरुण पोरं हसतातच. पण हा माणूस नोकरीला लागला तो १९९७ च्या आयएमएफ संकटानंतर, म्हणजे देशाला आयएमएफकडून कर्ज घ्यावं लागलं त्यानंतर, लगेच. १९९८ च्या उन्हाळ्यात याच शहरात ह्युंदाई मोटरमध्ये कपातीवरून महिनाभरावर संप चालला होता. त्याआधी सौदा असा होता की कंपनीला आयुष्य द्या, कंपनी आयुष्यभर सांभाळेल. यातला कंपनीचा भाग तेव्हा गेला, आपला भाग मात्र तसाच राहिला. खुर्चीवर दिसलो नाही तर खुर्ची जाईल ही भीती त्यांच्या अंगात मुरलीय. जुनी मूल्यं जुनी मूल्यं म्हणतो त्यातलं कन्फ्यूशियसचं किती आणि १९९७ चं किती, मला तरी दुसरंच जास्त वाटतं.

मग अर्ज सिस्टिममध्ये टाकला. ऑनलाइन ग्योल्जे म्हणजे मंजुरी, एकाखाली एक नावं, प्रत्येकाने क्लिक केलं की डिजिटल शिक्का उमटतो. पहिला शिक्का छाजांगचा. ते करेनात. विचारलं तर "बघतो". सिस्टिम म्हणते आधी छाजांग मग बूजांग, पण बूजांगच्या मनात काय आहे ते कळल्याशिवाय छाजांग कशाला हात लावतील? आणि बूजांगकडे अर्ज पोचतच नाही तोवर ते काय बोलणार. असा तो अर्ज लोंबकळत पडला. कायद्याचा धाक दाखवता आला असता, कामगार खात्यात तक्रार करता येते, पण तसं केलं की रजा मिळते आणि परत आल्यावर पुढची वर्षं जेवायला कोणी बरोबर घेत नाही.

मी काय केलं तर मुलीचे १०० दिवस झाले तेव्हा इथल्या रीतीप्रमाणे तांदळाच्या वड्या, त्यांना त्तॉक म्हणतात, सगळ्या डिपार्टमेंटला वाटल्या. बूजांगनी दोन घेतल्या. पुढच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये अगदी शेवटी, प्रॉडक्शनच्या आकड्यांनंतर, म्हणाले की हा अमुक महिन्यापासून नाहीये, याचं काम कोण कोण घेणार ते ठरवा. बस. संध्याकाळपर्यंत सगळे शिक्के पडले! ज्या उतरंडीला मी इतके दिवस शिव्या घालत होतो तिनेच एका वाक्यात काम केलं, त्यानंतर कोणी "पण" सुद्धा म्हणालं नाही.

कामाची वाटणी हा मात्र खरा नाजूक भाग. बदली माणूस येत नाही, बाजूच्या टेबलवाल्यावर पडतं. २०२५ मध्ये छोट्या-मध्यम कंपन्यांना, काम वाटून घेणाऱ्या सहकाऱ्यांना जादा पैसे दिले तर सरकारकडून महिना २ लाख वॉनपर्यंत मदत मिळायची, एचआरने तो अर्ज केला, त्यामुळे मला तोंड दाखवायला जागा राहिली.

पैशाचं सांगतो. २०२५ च्या नियमाने पहिले तीन महिने कमाल २५ लाख वॉन, पुढचे तीन २० लाख. आधी यातले २५ टक्के कामावर परतल्यावरच मिळायचे, ती भानगड आता काढली. गोयोंग-२४ नावाच्या साइटवर अर्ज करायचा, पण कंपनीने आधी त्यांचं प्रमाणपत्र अपलोड केलेलं पाहिजे, नाहीतर तुमचा अर्ज पुढे सरकत नाही, तेवढं एचआरच्या मागे लागून करून घ्या.

परत रुजू झालो तेव्हा टेबल तेच होतं, कामही तेच. कायद्याने रजेचा काळ नोकरीत धरतात, पण अर्ध्या वर्षाच्या कामावर अप्रेजल जेमतेमच आलं आणि छाजांग व्हायचं पुढे गेलं. बाजूच्या टेबलवाल्याची बायको आता पोटुशी आहे, परवा त्याने कॉफी मशीनपाशी हळूच विचारलं की बूजांगना तू नक्की कुठल्या दिवशी सांगितलंस. मी म्हटलं शुक्रवारी सांग, आणि गुकबापचे पैसे तू दे.